चिमणीपासून माळढोकापर्यंत : डॉ. सलीम अली यांची उघड्यावरची शाळा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जत आणि श्रीगोंदा तालुक्यांत, पाऊस सरला की माळरानांवरचे गवत पिवळे पडू लागते. परक्या नजरेला हा प्रदेश ओसाड वाटतो. झाड नाही, सावली नाही, पाणी नाही; तेव्हा येथे जपण्यासारखे काय असणार, असा प्रश्न शहरातून आलेल्या माणसाला पडणे साहजिक आहे. मात्र, याच माळांवर एके काळी माळढोक डौलात फिरत असे. हा पक्षी भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा आग्रह धरणारा माणूस मुंबईच्या खेतवाडीत वाढला होता. त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती आणि पक्ष्यांशी त्याचे नाते जुळले ते एका चिमणीला छर्रा मारल्यामुळे. पुढे अवघ्या देशाला पक्षी पाहायला शिकवणारा हा माणूस म्हणजे डॉ. सलीम अली.

निसर्ग-शिक्षण हा शब्द आज शाळाशाळांत ऐकू येतो. वृक्षारोपण, घोषवाक्य स्पर्धा आणि प्रभातफेरी हे त्याचे नेहमीचे कार्यक्रम झाले आहेत. सलीम अलींची रीत वेगळी होती. आधी पाहावे, पाहिलेले लिहून ठेवावे, शंका आली तर पुन्हा पाहावे आणि मगच मत बनवावे, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम होता. त्यांचे आयुष्य हाच या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा धडा ठरतो.

अनाथ मुलगा आणि पिवळ्या कंठाची चिमणी

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. दहा भावंडांतले ते शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्रही हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली आणि मुलगा चिमण्या टिपत हिंडू लागला.

१९०८च्या सुमारास त्याने पाडलेली एक चिमणी नेहमीसारखी दिसेना. तिच्या कंठावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी मुलाला रागावून गप्प केले नाही, की काहीतरी सांगून त्याची बोळवण केली नाही. त्यांनी ओळखीची चिठ्ठी लिहून त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, म्हणजेच बीएनएचएसकडे पाठवले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे कार्यालय तेव्हा फोर्टातल्या अपोलो स्ट्रीटवर होते आणि डब्ल्यू. एस. मिलार्ड हे तिचे मानद सचिव होते.

तो काळ इंग्रजी अमलाचा. गोऱ्या साहेबाच्या कचेरीत एका हिंदी मुलाने मेलेली चिमणी हातात घेऊन जाणे ही धाडसाचीच गोष्ट होती. मिलार्ड यांनी त्याला हसून परत पाठवले असते, तर भारतीय पक्षिशास्त्राचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. त्यांनी चिमणी हातात घेतली, ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले, संस्थेच्या संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. पक्ष्यांची कातडी सोलून ती जतन कशी करायची, हेही या मुलाला पुढे तेथेच शिकायला मिळाले. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाच्या प्रश्नाला दिलेला थोडा वेळ, एवढेच काय ते भांडवल. सलीम अलींनी उतारवयात, १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राच्या नावातही या चिमणीचीच आठवण जपली.

पदवीविना मार्गदर्शक

शालेय अभ्यासात सलीम यांचे मन फारसे रमले नाही. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातील तॅव्हॉय येथे गेले. तेथे कुटुंबाचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचा जीव गुंतला, हे वेगळे सांगायला नको. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. दिवसाचा काही वेळ व्यापारी शिक्षण आणि काही वेळ झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र, असा त्यांचा दुहेरी क्रम सुरू झाला. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला.

पदवी नसल्याने भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यातली जागा त्यांना मिळाली नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, नव्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार होता दरमहा ३५० रुपये. काचेच्या कपाटांतले प्राणी-पक्षी शाळकरी मुलांना आणि प्रेक्षकांना समजावून सांगायचे, हे त्यांचे काम. ज्या मुलाला मिलार्ड यांनी कपाटे उघडून दाखवली होती, तोच आता दुसऱ्यांच्या मुलांना ती दाखवू लागला.

पण कपाटातला पक्षी गात नाही, घरटे बांधत नाही. दोन वर्षांत या कामाचा त्यांना कंटाळा आला आणि १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग कसा काढतात, तेही पाहून घेतले. १९३० मध्ये परतल्यावर समजले, की पैशांअभावी संग्रहालयातली त्यांची जागाच रद्द झाली आहे.

किहीमची सुगरण

नोकरी गेलेल्या या जोडप्याला मुंबईत राहणे परवडणारे नव्हते. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर कुटुंबाचे एक छोटे घर होते. दोघे तेथे जाऊन राहिले. पावसाळा आला आणि घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत गजबजली. सलीम अलींनी शिडीवर कापडाचा आडोसा केला आणि आत बसून ते तासन् तास घरटी न्याहाळू लागले.

मराठीत या पक्ष्याचे नावच स्त्रीलिंगी आहे. कुशल गृहिणीला आपण सुगरण म्हणतो आणि तिचे कौशल्य या पक्ष्यात पाहतो. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर. तो गवताच्या पात्यांच्या चिरफाळ्या काढून अर्धे घरटे तयार करतो. मग माद्यांचा थवा येतो. प्रत्येक मादी घरट्यांची तपासणी करते आणि पसंत पडेल ते ताब्यात घेते. त्यानंतर नर लांब नळीसारखे प्रवेशद्वार विणून घरटे पुरे करतो. मादी अंडी उबवायला बसली, की हा गृहस्थ शेजारीच दुसऱ्या घरट्याचा पाया घालतो आणि नव्या जोडीदारणीची वाट पाहतो. पिढ्यान् पिढ्या साऱ्यांच्या डोळ्यांसमोर चाललेल्या या संसाराचे रहस्य एका बेकार माणसाच्या चिकाटीमुळे उलगडले. बीएनएचएसच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचे नाव शास्त्रज्ञांच्या वर्तुळात पोहोचले.

निसर्ग-शिक्षणाच्या दृष्टीने किहीमचा हा पावसाळा फार मोलाचा आहे. या अभ्यासाला प्रयोगशाळा लागली नाही, महागडी उपकरणे लागली नाहीत. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबकळताना दिसतात. शाळेच्या वाटेवरचे असे एक झाड, एक वही आणि दररोजची पंधरा मिनिटे एवढ्या साहित्यावर जून ते सप्टेंबर हा धडा कोणाही शिक्षकाला घेता येईल. विद्यार्थ्यांनी खोप्यांची संख्या मोजावी, कोणता पुरा झाला, कोणता अर्धवट सुटला याची नोंद ठेवावी आणि त्याची कारणे शोधावीत. सलीम अलींनी किहीमला मुळात हेच केले होते.

गावोगाव हिंडणारी शाळा

त्यानंतरची वीसेक वर्षे भ्रमंतीची होती. त्यांनी संस्थानिकांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च संस्थानाने करावा, पक्ष्यांची पाहणी आपण विनामोबदला करू. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. आजचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. पुढे कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, कच्छ अशी ही पाहणी वाढत गेली. बैलगाडी, उंट, पायपीट, डाकबंगले आणि तंबू हाच त्यांचा संसार झाला. तेहमिना या भटकंतीत त्यांच्या बरोबरीने सहभागी होत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अकाली मृत्यू झाला आणि सलीम अली एकाकी झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र इंग्रजी पुस्तक आले. तोपर्यंत पक्ष्यांवरचे ग्रंथ प्रामुख्याने अभ्यासकांसाठी असत. या पुस्तकात रंगीत चित्र पाहून पक्षी ओळखता येत होता आणि वर्णन साध्या भाषेत होते. आपल्या अंगणातला पक्षी आपणही ओळखू शकतो, हा आत्मविश्वास त्याने सामान्य वाचकाला दिला. पुढे एस. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. भाची लईक फतेहअली यांच्यासमवेत त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी सामान्य पक्ष्यांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. शाळेच्या ग्रंथालयाला परवडणारे हे पुस्तक अनेकांच्या पक्षीछंदाचे पहिले पाऊल ठरले.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज सदस्य मायदेशी परतले आणि बीएनएचएसची आर्थिक घडी विस्कटली. तेव्हा पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंकडे रदबदली करून संस्था तगवण्यात सलीम अलींचा मोठा वाटा होता. १९५९च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने त्यांनी स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प उभारला. कड्यावर क्रमांक आणि बीएनएचएसला कळवण्याची सूचना कोरलेली असे. हेलिगोलँडला तीस वर्षांपूर्वी पाहिलेली विद्या अशी भारतीय पाणथळींवर रुजली.

पदवी नसलेल्या या माणसाला मुंबई विद्यापीठाने संशोधनाचा मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. सुगरणीच्या कुळावर संशोधन करणारे व्ही. सी. अंबेडकर हे त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. किहीमचा पाठ आता विद्यापीठात पोहोचला होता. शिक्षक म्हणून सलीम अली कडक होते. पहाटे बाहेर पडायचे आणि दिवसभराच्या नोंदी त्याच रात्री लिहायच्या, हा शिरस्ता ते स्वतः पाळत आणि इतरांकडूनही पाळून घेत. ऐकीव माहितीला त्यांच्या वहीत जागा नव्हती.

माळढोक आणि नगरचा माळ

१९६०च्या दशकाच्या आरंभी भारताने राष्ट्रीय पक्षी निवडावा, अशी चर्चा सुरू झाली. सलीम अलींनी माळढोकाचे नाव पुढे केले. हा पक्षी भारतीय उपखंडाचाच आहे आणि तो झपाट्याने कमी होत आहे; राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाल्यास लोकांचे लक्ष त्याच्याकडे जाईल, असा त्यामागचा विचार. १९६३ मध्ये मोराची निवड झाली. मोर सर्वांच्या परिचयाचा, पुराणांतला आणि देखणा. त्याच्यापुढे माळावरचा हा अबोल पक्षी मागे पडला.

माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोच्या घरात जाते. नाकतोडे, किडे, बोरे, धान्याचे दाणे हे त्याचे अन्न. मादी उघड्या जमिनीवर वर्षाला सहसा एकच अंडे घालते. दूरवरचा शत्रू दिसावा म्हणून त्याला मोकळा, विरळ झुडपांचा माळच हवा असतो. दाट झाडी त्याला सोसत नाही.

या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. सोलापूरजवळचे नान्नज हे त्याचे केंद्र होते आणि नगरच्या कर्जत, श्रीगोंदा, नेवासा तालुक्यांतील प्रदेशही त्यात होता. क्षेत्रफळ होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. पुढच्याच वर्षी कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी २.१७ चौरस किलोमीटरचे छोटे अभयारण्य झाले. १९८०च्या दशकात सलीम अलींच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसने माळढोकाचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. असद रहमानी यांच्यासारख्या तरुण संशोधकांनी माळांवर महिनोन् महिने मुक्काम केला.

कागदावरचे अभयारण्य आणि जमिनीवरचे वास्तव यांत मात्र अंतर पडले. एवढ्या मोठ्या क्षेत्रात गावे होती, शेते होती, बाजारपेठा होत्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि जो पक्षी शेतकऱ्याच्या ज्वारीच्या रानातून बिनधास्त फिरत होता, तो त्याच्या डोळ्यांत खुपू लागला. कुकडीचे पाणी आले तशी कोरडवाहू पिकांची जागा उसाने घेतली. दुसरीकडे, माळ म्हणजे रिकामी जागा असे समजून तेथे गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी झाडे लावली गेली. हेतू चांगला होता. पण गवताळ माळावर उभी राहिलेली झाडी माळढोकाला आपले घर मोडल्यासारखीच होती. पुढे अभयारण्याचे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले, तोपर्यंत पक्षी जवळपास दिसेनासा झाला होता. आज देशभरात दीडशेहून कमी माळढोक उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात आहेत. तेथे २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचा प्रयत्न सुरू झाला आहे.

गवताचा माळ हीदेखील एक जिवंत व्यवस्था आहे, हे शाळेत शिकवले गेले असते, तर कदाचित ही वेळ आली नसती. मुलांनी झाडे लावावीत हे खरेच. पण कोठे लावू नयेत, हेही त्यांना कळले पाहिजे. ते कळण्यासाठी आधी माळावर जाऊन बसावे लागते.

भरतपूरचा धडा

पाहिल्याशिवाय ठरवू नये, हा नियम खुद्द सलीम अलींनाही लागू होता, हे भरतपूरच्या प्रकरणात दिसून आले. राजस्थानातील केवलादेवची पाणथळ वाचवण्यासाठी त्यांनी नेहरूंपर्यंत दाद मागितली होती. तेथील गुरांची चराई थांबली पाहिजे, असेही त्यांचे मत होते. १९८२ मध्ये चराईबंदी अमलात आली. त्यातून संघर्ष उसळला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली. पुढे बीएनएचएसच्याच दीर्घ अभ्यासातून निराळे चित्र समोर आले. म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातले गवत बेसुमार वाढले आणि पाणपक्ष्यांना मोकळे पाणी उरेना. जनावरे त्या व्यवस्थेचाच एक भाग होती.

एवढ्या मोठ्या अभ्यासकाचा अंदाज चुकू शकतो, ही गोष्ट त्यांचे मोठेपण कमी करीत नाही. त्यांनीच घडवलेल्या संस्थेने नोंदी ठेवल्या आणि त्या नोंदींनी गुरूचे मत खोडून काढले. निसर्ग-शिक्षण असेच असायला हवे. नगरच्या माळावर गुरे चारणारा धनगर आणि कोरडवाहू शेतकरी यांना वगळून कोणतेही अभयारण्य टिकणार नाही, हा भरतपूरचा अर्थ येथेही लागू पडतो.

मिलार्ड यांची परतफेड

उत्तरायुष्यात मानसन्मान चालून आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व. पॉल गेटी पारितोषिकाची ५० हजार डॉलरची रक्कम त्यांनी निसर्ग-संवर्धनाच्या निधीसाठी दिली. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे सदाहरित जंगल धरणाखाली जाऊ नये, म्हणूनही त्यांनी आपले वजन खर्च केले. बीएनएचएसच्या शताब्दीच्या सुमारास गोरेगावला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, ३३ एकर जागा निसर्ग-शिक्षणासाठी मिळाली. शहरातल्या हजारो मुलांनी तेथे पहिल्यांदा जंगलातली पायवाट तुडवली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, मुंबईत सलीम अलींचे कर्करोगाने निधन झाले.

त्यानंतर चार वर्षांनी, १९९१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरण हा विषय शिकवण्याचे निर्देश दिले. पाठ्यपुस्तके आली, परीक्षा आली, गुणही आले. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी त्याची सांगता होते. त्याच सुमारास शेवगाव-नेवाशाच्या हद्दीत पसरलेल्या जायकवाडीच्या जलाशयावर परदेशी पाहुण्यांची वर्दळ सुरू झालेली असते. रेहेकुरीच्या गवतात काळविटांचे कळप दिसतात. माळढोक तेवढा दिसत नाही.

त्या आठवड्यात एखादा मुलगा शाळेत येऊन एका अनोळखी पक्ष्याविषयी विचारील. शिक्षकाला उत्तर ठाऊक असेलच असे नाही. अमिरुद्दीन तय्यबजींनाही ते ठाऊक नव्हते. त्यांनी मुलाला विचारण्याची वाट दाखवली आणि मिलार्ड यांनी त्याच्यासाठी कपाट उघडले. नगरच्या उरल्यासुरल्या माळांचे भवितव्य त्या मुलाला काय उत्तर मिळते, यावर बरेचसे अवलंबून आहे.